रुग्णाची उजवी बाजू

आर्थ्रो– : सांधा

सासूबाईंचे गुडघे दुखायचे. म्हणजे नुसतेच दुखायचे, त्यांना नाव नव्हतं. थोरली सून या घरात आली तेव्हापासून ते दुखत होते आणि तेव्हापासून ती रोज संध्याकाळी त्यांच्या पायाशी बसून तेल चोळत होती. सासूबाई डोळे मिटून म्हणायच्या, तुझ्या हाताला गुण आहे गं. तेवढ्या एका वाक्यावर थोरलीचा दुसरा दिवस निघायचा.

मग एका दुपारी धाकटी जाऊ बाहेरून आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आई, तुम्हाला ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे."

दुसरी एखादी बाई घाबरली असती. सासूबाई उठून बसल्या. त्यांनी तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. धाकटीने तो भाकरीसारखा तोडून दिला: ऑस्टिओ म्हणजे हाड, आर्थ्रो म्हणजे सांधा, आयटिस म्हणजे दाह. सासूबाईंनी दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला, जुळी पोरं परीक्षेत पहिली आल्यासारखा. संध्याकाळी शेजारीण आली आणि रोजच्यासारखं विचारलं, काय म्हणतात गुडघे? तर म्हणाल्या, गुडघे काय, ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हण.

शेजारीण गेली. थोरली तेलाची वाटी घेऊन बसली.

"जरा हळू," सासूबाई म्हणाल्या. "दाह आहे तिथे."

–आयटिस : दाह

कोपऱ्यावरच्या इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर आठवड्यातून दोनदा दुपारचा वर्ग भरायचा. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्या बायका तिथे यायच्या, आणि इस्पितळाच्या खिडकीवर काम मिळेल या आशेने येणारेही. शरीराचे भाग कोणते, आजारांची नावं कशी बनतात, कुठल्या डॉक्टरला काय म्हणतात, एवढंच शिकवायचे. धाकटी तिथे जात होती. दुसऱ्या आठवड्यात थोरलीनेही नाव घातलं.

आईंसाठी शिकते आहे, असं तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने तोंडासमोरचं वर्तमानपत्र न हलवता विचारलं, आईसाठी की आईच्या धाकट्या सुनेसाठी? थोरलीने त्याच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून नेला. त्यात अजून चहा होता.

वर्ग घेणाऱ्या बाई जन्मभर मेट्रन होत्या आणि निवृत्त झाल्यावरही त्यांना सगळे मेट्रनबाईच म्हणत. आवाज स्टीलच्या ट्रेसारखा. त्यांचा पहिला धडा असा, की हे शब्द शेपटीकडून वाचायचे. तोंडाकडून वाचलात तर घाबराल. शेपटीला आयटिस दिसलं, की कुठेतरी पेटलंय एवढं समजलं. मग पुढे सरकायचं आणि बघायचं, कुठे. गॅस्ट्रो असेल तर जठरात. हेपाटो असेल तर यकृतात. डर्मा असेल तर कातडीत.

दाहाच्या खुणाही त्यांनी सांगितल्या. लाली. उष्णता. वेदना. सूज.

त्या दिवशी मेट्रनबाईंचा प्रत्येक प्रश्न खाली पडायच्या आधी धाकटीने झेलला. थोरलीचे कान लाल झाले, गरम झाले, आतून ठणकले. सूज तेवढी राहिली होती. तीही घरी पोचेपर्यंत तोंडावर चढली, असं नवऱ्याचं मत.

वाईट याचं वाटायचं, की धाकटी वाईट नव्हती. रस्ताभर ती थोरलीच्या पिशवीचा एक बंद धरून चालायची. ताई, तुमचं पाठांतर माझ्यापेक्षा पक्कं आहे, म्हणायची. थोरलीला वाटायचं, हिने एकदा तरी तोऱ्यात बोलावं. म्हणजे मनातल्या मनात हिला पाण्यात बघायला काही कारण तरी होईल.

–मेगाली : अवयवाचं वाजवीपेक्षा मोठं होणं

घरात धाकटी मोठी होत गेली. दिरांच्या डोकेदुखीला तिने नाव दिलं, पुतण्याच्या नाकातल्या रक्तालाही दिलं. कुणी शिंकलं तरी सगळे आधी तिच्याकडे बघायचे. थोरलीलाही तेच शब्द येत होते. पण शब्दांचं असं असतं, की जो आधी बोलला त्याचे ते. मागून बोलणाऱ्याला लोक म्हणतात, हो, हिनेही सांगितलं.

वर्गाच्या शेवटी तोंडी परीक्षा असायची आणि ती घ्यायची मेट्रनबाईंची तऱ्हा जगावेगळी होती. इस्पितळाकडे प्लॅस्टिकचा पुतळा होता, पण त्या त्याला हात लावू देत नसत. बाहुलीला लाज नसते, गुदगुल्या नसतात आणि ती खोटं बोलत नाही, त्या म्हणायच्या. माणूस तिन्ही करतो, म्हणून माणूस आणा. प्रत्येकीने आपल्या घरचं एक माणूस आणायचं. त्याला तपासणीच्या टेबलावर झोपवायचं. मेट्रनबाई अवयवाचं नाव घेतील, तिथे हात ठेवायचा, बाजू सांगायची, आणि विचारायचं: इथे दुखतं का?

थोरलीच्या मनात माणूस ठरलेलं होतं. सासूबाईंच्या अंगाचा इंच न् इंच तिच्या तळहाताला पाठ होता. विचारायचीही गरज नाही असं तिला वाटलं, तरी विचारायचं ठरवलं, आणि जेवणं होईपर्यंत थांबली. सासूबाईंना जेवताना बोललेलं आवडत नाही, हे तिला माहीत होतं.

धाकटीला ते माहीत नव्हतं. तिने दुसऱ्या घासालाच विचारलं.

"येईन की," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतरी माझं सगळं तुलाच ठाऊक असतं."

थोरली वाढत होती. तिने पुढच्या माणसाला वाढलं, त्याच्या पुढच्याला वाढलं, आणि स्वतःला वाढून घ्यायला विसरली. रात्री नवरा म्हणाला, मी येतो ना तुझ्याबरोबर. ती म्हणाली, तुम्हाला गुदगुल्या होतात. तो म्हणाला, मग काय झालं, तेवढंच हसू.

ती हसली नाही.

अँटिरिअर, पोस्टिरिअर : पुढचं, मागचं

पोटाचा धडा होता त्या दिवशी धाकटी आली नाही. तिची दाढ काढायची होती.

मेट्रनबाईंनी पोटाच्या तक्त्याची छापील प्रत प्रत्येकीला दिली. घरी राहिलेल्या धाकटीची प्रत थोरलीने मागून घेतली. मग मेट्रनबाईंनी खडू खाली ठेवला.

डावं-उजवं टेबलावर झोपलेल्या माणसाचं, त्या म्हणाल्या. तुमचं नाही आणि कागदाचंही नाही. चित्रातला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. तुमच्या डाव्या हाताला जे दिसतंय ते त्याच्या उजवीकडे आहे. यकृत उजवीकडे, त्याला चिकटून पित्ताशय. प्लीहा डावीकडे. "हे मी एकदाच सांगते. दुसऱ्यांदा सांगायची वेळ येते तेव्हा भलतीच किडनी बाहेर आलेली असते."

हे धाकटीला सगळ्यात आधी सांगायचं, असं थोरलीने वाटेतच ठरवलं होतं. हे खरं आहे. आरशाचं उदाहरण द्यायचं, हेसुद्धा तिने जुळवून ठेवलं होतं.

ती घरी आली. सासूबाईंच्या पलंगावर धाकटी बसली होती, गाल टम्म सुजलेला, आणि सासूबाई वाटीतल्या सुपावर फुंकर घालत होत्या. एक चमचा, एक फुंकर. स्वतःची दाढ काढून आली त्या दिवशी थोरलीने साऱ्या घराचा स्वयंपाक केला होता. सासूबाईंनी तेव्हा विचारलं होतं, आज बोलत का नाहीस, काही बिनसलंय का?

धाकटीने हात पुढे केला. थोरलीने तिला प्रत दिली. धाकटीने चित्र निरखलं आणि एका गालाने, अडखळत विचारलं, की ताई, यात यकृत डावीकडे दिसतंय. पण छातीच्या तक्त्यात हृदय उजवीकडे होतं, आणि ते तर असतं डावीकडे. म्हणजे हेही उलटंच धरायचं ना?

बघा, तिला जवळजवळ कळलंच होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

"छातीचा तक्ता पुढून काढलेला," थोरली म्हणाली. "हा मागून. यात बेंबी दिसतेय का कुठे?"

धाकटीने पाहिलं. बेंबी नव्हती. पोट उघडून दाखवलेल्या कुठल्याच चित्रात बेंबी नसते.

"म्हणजे यकृत डावीकडेच?"

"डावीकडेच."

इतकं बिनचूक, इतकं पटण्यासारखं खोटं आपल्याला आयत्या वेळी सुचलं कसं, याचं थोरलीला नवल वाटलं. सासूबाईंनी पुढच्या चमच्यावर फुंकर घातली.

हायपो– : खाली, कमी

बरगड्यांखालच्या भागाला हायपोकाँड्रियम म्हणतात. एक उजवा, एक डावा.

यापुढचे तास नुसत्या शब्दांचे होते, बाजूंचा विषय पुन्हा निघाला नाही. आणि वर्ग नसेल त्या प्रत्येक दुपारी धाकटी सासूबाईंना आडवं करून सराव करायची. यकृत, डावा हायपोकाँड्रियम. पित्ताशय, तिथेच खाली. प्लीहा, उजवा. इथे दुखतं का, आई? नाही गं बाई. सासूबाईंना इतका मान जन्मात मिळाला नव्हता. शेजारणीला त्या डाव्या बरगडीखाली बोट लावून सांगायच्या, माझं यकृत इथे आहे. शेजारीण म्हणायची, असेल बाई, मला माझ्या किल्ल्या सापडत नाहीत.

थोरली दाराशी कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. धाकटीचा हात चुकीच्या जागी पडला की तिला आत गार वाटायचं. आणि सासूबाईंनी त्या हातावर आपला हात ठेवला, की ते गारपण जायचं.

थोरलीने स्वतःशी काय काय म्हटलं:
परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगू.
तिनेच पुस्तकात बघायला हवं होतं.
एका परीक्षेने काय होतं.
जन्मभर मीच बरोबर होते, कुणी विचारलं का?
परीक्षेच्या आदल्या दिवशी नक्की सांगू.

अक्यूट : अचानक आलेलं, तीव्र

परीक्षा दोन आठवड्यांवर होती. पुरुष कामावर गेलेले. दुपारची जेवणं झाली आणि सासूबाई पलंगावर वाकून बसल्या. उजव्या बरगडीखाली कळ येत होती, ती पाठीतून उजव्या खांद्याकडे जात होती. एकदा उलटी झाली. मग पुन्हा.

थोरली उठायच्या आत धाकटी त्यांच्यापाशी पोचली होती. तिने त्यांना आडवं केलं, पोटाला हात लावला, दुखतं ते ठिकाण विचारलं. मग तिचा चेहरा सैल झाला.

"घाबरू नका, आई," ती म्हणाली. "पित्ताशय असतं तर मी आत्ताच्या आत्ता नेलं असतं. पण ते डावीकडे. हा नुसता वात आहे. गरम पाण्याची पिशवी देते."

थोरलीच्या हातात दिरांचा सदरा होता. तिने त्याची बाही आत दुमडली.

खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा आनंदच झाला. परीक्षेतसुद्धा मिळाला नसता असा, सासूबाईंच्या समोर, सासूबाईंच्याच अंगावर. धाकटी चुकली होती. आता नुसतं गप्प बसायचं. संध्याकाळी पुरुष येतील, डॉक्टरकडे नेतील, डॉक्टर म्हणतील, वात कुणी सांगितला? आणि सगळे धाकटीकडे बघतील.

तिने दुसरी बाही दुमडली. वातही असेल, तिने म्हटलं. वातही असतो कधी कधी. सदऱ्याची घडी झाली. ती उठली आणि पाण्याचा पेला घेऊन पलंगापाशी गेली, आणि पेला देताना सासूबाईंनी वर बघितलं.

डोळ्यांचं पांढरं पिवळं पडलं होतं.

सासूबाईंनी पेला घेतला नाही. थोरलीचं मनगट धरलं. तळहात तापलेला होता.

"पित्ताशय उजवीकडे असतं," थोरली म्हणाली.

धाकटी पिशवीचं बूच लावत होती. "नाही ताई. डावीकडे."

"उजवीकडे. यकृतही उजवीकडे. तक्ता पुढूनच काढलेला आहे."

"पण बेंबी..."

"बेंबीचं मी खोटं सांगितलं."

धाकटी रागावली नाही, आणि थोरली तिच्या रागाची वाट बघत उभी होती. धाकटीच्या डोळ्यांत दुसरंच काही चाललं होतं. ती गेल्या सगळ्या दुपारी एकेक करून उलट्या फिरवत होती. मग तिने पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं, रिक्षा आणायला धावली, आणि थोरलीने सासूबाईंना चपला घातल्या. उजव्या पायात उजवी. सासूबाई तिच्या डोक्याकडे वरून बघत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

कोलेसिस्टायटिस

तरुण डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं रोवली आणि श्वास आत घ्यायला सांगितलं. सासूबाईंचा श्वास अर्ध्यावर अडला. डॉक्टरांनी परिचारिकेकडे बघून तो शब्द उच्चारला.

पलंगाच्या दोन बाजूंना दोघी जावा उभ्या होत्या. दोघींनी तो एकाच वेळी, शेपटीकडून, मनातल्या मनात वाचला. आयटिस, दाह. सिस्ट, पिशवी. कोले, पित्त. वाचून झाल्यावर दोघींनी वर पाहिलं, आणि एकमेकींकडे बघणं टाळलं.

खडा पित्ताच्या वाटेत अडकला होता, तापही होता. रात्र काढली असती तर जड गेलं असतं, डॉक्टर म्हणाले. सहसा लोक वात समजून घरीच पडून राहतात. तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं?

थोरलीने तोंड उघडलं. काय बोलणार होती हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"ताईंच्या," धाकटी म्हणाली.

तिने ते सरळ सांगितलं, टोमणा न मारता, आणि डॉक्टरांनी थोरलीकडे पाहून मान डोलावली. इतकी वर्षं जे हवं होतं ते हे होतं: भरल्या खोलीत कुणीतरी म्हणावं, हिच्या लक्षात आलं. ते मिळालं, आणि तेही धाकटीने दिलं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हेसुद्धा हिलाच आधी सुचावं.

सोबत एकालाच थांबता येईल, असं परिचारिका म्हणाली. सासूबाईंनी धाकटीकडे हात केला. थोरलीला म्हणाल्या, तू घरी जा, सगळ्यांचं बघ.

थोरली घरी गेली. तिने सगळ्यांचं पाहिलं.

–एक्टमी : कापून काढून टाकणं

आधी नळीने वाटेतला खडा काढला, मग ताप उतरल्यावर पित्ताशयच काढलं. सासूबाई घरी आल्या त्या नवा शब्द घेऊन. कोलेसिस्टेक्टमी. शेजारणीला त्यांनी तो दोनदा म्हणून दाखवला. गुडघ्यांचं आता त्यांना काही वाटत नव्हतं, गुडघे कुणाचेही दुखतात.

घरात कुणाला काही कळलं नव्हतं. धाकटीने सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं नाही. थोरलीला वाटायचं, एकदा सगळ्यांदेखत बोलून घ्या, मोकळी होईन. कुणी मोकळी केली नाही.

संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन पायाशी बसली. सासूबाईंनी पाय पुढे केले. डोळे मिटले नाहीत.

"आधी उजवा," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "माझा उजवा."

थोरलीने खाली मान घालून चोळायला सुरुवात केली. हाताला गुण आहे, हे वाक्य त्या संध्याकाळी आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही.

पॅल्पेशन : हाताने चाचपून तपासणं

सासूबाईंच्या पोटावर टाके होते. त्यांना टेबलावर झोपवण्याचा प्रश्नच नव्हता. थोरलीचा नवरा यायला तयार होता, पण त्याला ऐन वेळी कामावरून सुट्टी मिळाली नाही. मेट्रनबाईंनी दोघी जावांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, यात रडण्यासारखं काय आहे, एकीने दुसरीला झोपवा.

आधी थोरली झोपली. टेबल गार होतं. वर बघताना छताचा एक पोपडा दिसत होता, आणि कडेला धाकटीची हनुवटी.

धाकटीने तळहात एकमेकांवर घासून गरम करून घेतले. तिचा हात हलका होता, उबदार होता. हेही थोरलीला खुपलं.

"प्लीहा," मेट्रनबाई म्हणाल्या.

"डावा हायपोकाँड्रियम. रुग्णाचा डावा. इथे दुखतं का?"

"नाही."

"जठर."

"मध्ये, किंचित डावीकडे. इथे दुखतं का?"

"नाही."

अपेंडिक्स, मूत्राशय, मूत्रपिंड. धाकटी कुठेच अडली नाही. दर वेळी ती म्हणायची, रुग्णाचा डावा, रुग्णाचा उजवा, आणि थोरली म्हणायची, नाही. वर्गातल्या बायका कंटाळून आपापसात कुजबुजू लागल्या होत्या.

"यकृत," मेट्रनबाई म्हणाल्या.

हात उजव्या बरगडीखाली आला. थांबला. मग बोटं आत गेली, जरुरीपेक्षा थोडी जास्तच.

"उजवा हायपोकाँड्रियम. रुग्णाचा उजवा." धाकटीने पहिल्यांदाच खाली, थोरलीच्या डोळ्यांत पाहिलं. "इथे दुखतं का?"

थोरलीने पोपड्याकडे बघायचा प्रयत्न केला.

"हो," ती म्हणाली.

मेट्रनबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. धडधाकट बाईला तिथे दुखायचं काही कारण नाही, त्या म्हणाल्या, कधीपासून दुखतंय?

धाकटीने हात काढला नाही.

"जुनं आहे," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

मेट्रनबाईंनी दोघींकडे जरा वेळ बघितलं. मग त्यांनी जागा बदला म्हणून खूण केली. थोरली उठली, पदर सारखा केला आणि बाजूला झाली. धाकटी टेबलावर आडवी झाली.

थोरलीने तळहात एकमेकांवर घासले. बराच वेळ घासले, तरी ते गारच राहिले. तिने वाकून पाहिलं तर धाकटीचे डोळे सताड उघडे होते, आणि ती थोरलीच्या हातांकडे बघत होती, ते कुठे येतात ते.